यंत्र अडतें तेव्हां

ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत, तानसा नदीच्या कांठीं, गणेशपुरी नांवाचें एक लहानसें गांव आहे. स्वामी नित्यानंद यांचें वास्तव्य येथें होतें व १९६१ सालीं त्यांनीं येथेंच देह ठेवला, म्हणून दूरदूरचे लोक या गांवीं येतात. पण गांवाची त्याहून जुनी ओळख म्हणजे भीमेश्वराच्या देवळाजवळचीं ऊन पाण्याचीं कुंडें. जमिनीच्या पोटांतून ऊन पाणी वर येतें, तें कुंडांत सांठतें, आणि यात्रेकरू त्यांत उतरून अंग शेकून घेतात. गर्दीच्या दिवशीं कांठावर उभें राहून पाहिलें तर एक मौज दिसते. बहुतेक मंडळी चार डुबक्या मारून बाहेर येतात व मागच्यांस जागा देतात. पण एखादा गृहस्थ असा निघतो कीं, तो गळ्याइतक्या पाण्यांत डोळे मिटून बसतो आणि हलतच नाहीं. मागें खोळंबा होतो. हा ध्यानस्थ झाला, कीं त्यास घेरी आली, कीं नुसताच आळसावला, हें कांठावरून कळत नाहीं. त्यास हांक मारावी, हाताला धरून ओढावें, कीं आणखी थोडें थांबावें?

हाच प्रश्न, जवळजवळ याच स्वरूपांत, जुन्या संगणकापुढें बसलेल्या माणसास नित्य पडत असतो. समजा, गणेशपुरींतल्याच एखाद्या घरीं असा एक संगणक आहे. तो प्रथम मुंबईंतल्या एखाद्या कचेरींत होता, तेथून भिवंडीच्या दुकानांत आला, आणि दोन मालक बदलून या घरीं पोंचला. घरची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. मुदतीची ती शेवटची रात्र आहे. अर्धाअधिक अर्ज भरून झाला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला तेवढा जोडावयाचा राहिला, आणि एकाएकीं पडदा गोठतो. माऊसचा बाण हलतो, पण कोठेंहि टिचकी दिली तरी कांहींच घडत नाहीं. खिडकीचा रंग पांढुरका होतो आणि तिच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' हे शब्द उमटतात. सार्‍या महाराष्ट्रांत यास एकच शब्द आहे : 'हँग झाला'. भाऊ म्हणतो, बटण दाबून बंद कर आणि पुन्हां चालूं कर. आई म्हणते, थांब, घाई करूं नको, लिहिलेलें सगळें जाईल. दोघांचेंहि म्हणणें खरें असूं शकतें, आणि या वेळीं कोणाचें खरें, हें त्या पडद्यावरून समजत नाहीं.

भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. तेथल्या मागाची रीत पाहिली म्हणजे संगणकाची ही अडचण किती निराळ्या जातीची आहे तें ध्यानांत येतें. माग चालत असतां आडवा धागा तुटला, तर मागावर बसविलेला एक लहानसा कांटा तें ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. कामगार येतो, धागा लावतो, माग पुन्हां सुरू करतो. येथें चालणें म्हणजे चालणें व थांबणें म्हणजे थांबणें. मधली स्थिति नाहीं. संगणकाचें तसें नाहीं. तो स्तब्ध दिसतो त्या क्षणींहि त्याच्या आंत दर सेकंदास कोट्यवधि क्रिया चालूं असूं शकतात. प्रश्न इतकाच असतो कीं, त्या क्रियांतून कांहीं निष्पन्न होणार आहे, कीं यंत्र घाण्याच्या बैलाप्रमाणें एकाच वर्तुळांत फिरत आहे. हा भेद यंत्रानेंच ओळखून सांगावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. एवढ्या हुशार यंत्रास इतकेंहि कळूं नये काय? याचें उत्तर पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक उभा राहण्याच्या आधींच दिलें गेलें होतें, हा या इतिहासांतला मोठा चमत्कारिक भाग होय.

१९३६ सालीं ॲलन ट्यूरिंग नांवाच्या, पंचविशीहि न ओलांडलेल्या एका इंग्रज गणितज्ञानें एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें एका काल्पनिक गणकयंत्राचें वर्णन केलें आणि त्या यंत्राच्या शक्तीला कोठें मर्यादा पडतात तेंहि सिद्ध केलें. त्याच्या सिद्धांतांतून निघणारी एक गोष्ट अशी कीं, कोणतीहि आज्ञावली पुढें ठेवली असतां ती केव्हांतरी संपेल कीं अनंत काळ फिरत राहील, हें दर वेळीं बिनचूक सांगणारी दुसरी आज्ञावली कोणालाहि लिहितां येणार नाहीं. युक्तिवाद मोठा सुरेख आहे. अशी एक सर्वज्ञ आज्ञावली आहे असें क्षणभर धरून चालूं. मग एखादा खोडकर मनुष्य दुसरी आज्ञावली लिहील, ती त्या सर्वज्ञास स्वतःविषयींच प्रश्न विचारील, आणि उत्तराच्या नेमकें उलट वागेल. 'संपेल' असें उत्तर आलें तर फिरत बसेल, 'संपणार नाहीं' असें आलें तर तत्काळ संपेल. म्हणजे सर्वज्ञ खोटा ठरला. तेव्हां 'हा अडला कीं हळू चालला आहे' या प्रश्नाचें उत्तर सर्व प्रसंगीं देऊं शकेल अशी रीतच नाहीं. यंत्रें कितीहि सुधारलीं तरी ही गोष्ट बदललेली नाहीं. संगणक बनविणारांनीं पुढें ज्या ज्या युक्त्या काढल्या त्या सर्व ही उणीव झांकण्याच्या आहेत. ती नाहींशी करण्याच्या नव्हेत.

आरंभींच्या काळीं मात्र या उणीवेचा जाच फारसा होत नसे, कारण यंत्रावर एका वेळीं एकच काम चाले. याचें घरचें उदाहरण म्हणजे मुंबईंतला 'टिफ्रॅक'. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण शास्त्रज्ञांचा एक गट १९५० नंतरच्या दशकांत स्वतःचा संगणक बांधावयास बसला. आधीं १९५६ सालीं एक लहान नमुना तयार झाला, आणि मोठें यंत्र १९६० सालीं चालूं झालें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. संस्थेच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांना 'स्वयंचलित गणकयंत्र' या अर्थाच्या शब्दांचीं आद्याक्षरें जोडून 'टिफ्रॅक' हें नांव झालें आहे. पोलादी सांगाडा १८ फूट लांब व ८ फूट उंच. त्यांत २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक. एवढ्या पसार्‍याच्या स्मृतींत शब्द मावत ते अवघे २,०४८, व प्रत्येक शब्द ४० अंकांचा. ज्यांनीं यापूर्वीं असें यंत्र कधीं बांधलें नव्हतें, अशा माणसांनीं तें बांधलें, याचें अप्रूप आजच्या पिढीस सांगूनहि पुरेसें वाटणार नाहीं.

टिफ्रॅकला आज्ञा द्यावयाच्या त्या शून्य व एक यांच्या भाषेंत. त्या कागदी फितीवर भोंकांच्या रूपानें उतरवावयाच्या, फीत यंत्रांत घालावयाची, आणि उत्तराची वाट पाहावयाची. अशा यंत्रावर काम अडलें म्हणजे त्याचीं कारणें दोनच. एक तर हजारों नळ्यांपैकीं एखादी निकामी झाली, किंवा आज्ञा लिहिणारानें चूक केली व यंत्र त्याच त्या आज्ञांत फिरूं लागलें. दोहोंवर उपाय माणसाच्या हातचा होता. यंत्रासमोर मनुष्य उभा असे. हिशेब किती वेळांत व्हावा याचा त्यास अंदाज असे. वेळ फारच उलटली तर तो यंत्र थांबवी. कुंडांत एका वेळीं एकानेंच उतरावयाचें असा दंडक असला कीं भांडणाचें कारणच उरत नाहीं.

पण अशीं यंत्रें अतिशय महाग होतीं, आणि माणूस विचार करीत बसला कीं तेवढा वेळ तीं रिकामीं राहत. म्हणून प्रथम कामांचे गठ्ठे लावण्याची पद्धति आली. टाटा संस्थेंतच १९६४ सालीं 'सी. डी. सी. ३६००' हा मोठा अमेरिकन संगणक आला. अशा गठ्ठापद्धतीच्या यंत्रांवर लोक आपापल्या कामाचीं भोंकें पाडलेलीं कार्डें देऊन जात आणि उत्तर मागाहून घेऊन जात. कामास किती वेळ लागेल तो आधींच लिहून द्यावयाचा. त्याहून अधिक लागला तर काम अर्ध्यांत तोडावयाचें, असा सर्वसाधारण रिवाज पडला. हा निर्णय अर्थात् आंधळा होता. आणखी दोन मिनिटांत पूर्ण होणारें कामहि त्याच्या तडाख्यांत सांपडे. परंतु ट्यूरिंगच्या सिद्धांतापुढें दुसरी वाट तरी कोणती होती?

खरी गुंतागुंत सुरू झाली ती एकच यंत्र अनेकांना एकाच वेळीं वापरावयास देण्याची कल्पना निघाल्यावर. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत फर्नांडो कोर्बातो यांनीं १९६१ च्या नोव्हेंबरांत अशी व्यवस्था चालवून दाखविली. यंत्रांत एक घड्याळ बसवावयाचें. तें ठराविक क्षणानें टोला देतें. टोला पडला कीं चालूं काम असेल तेथें थांबवून दुसर्‍याचें हातीं घ्यावयाचें, मग तिसर्‍याचें, आणि फिरून पहिल्याचें. हें इतक्या झपाट्यानें होतें कीं प्रत्येकास वाटावें, यंत्र केवळ आपल्याच सेवेंत आहे. कुंडाच्या कांठावर घंटा घेऊन बसलेला रखवालदारच हा! या घंटेचें महत्त्व असें कीं, बसून राहणारास उठविण्याची सत्ता प्रथमच यंत्राच्या हातीं आली.

दुसरी अडचण जागेची. पुष्कळ कामें एकदम चालवावयाचीं तर तीं सारीं यंत्राच्या चपळ स्मृतींत मावावयास हवींत, आणि ती स्मृति तर लहान व महाग. १९६२ सालीं मँचेस्टर येथें चालूं झालेल्या 'ॲटलस' या संगणकांत टॉम किलबर्न व त्यांच्या सहकार्‍यांनीं यावर एक नामी तोड योजिली होती. ज्या भागाची तूर्त गरज नाहीं तो मंदगति पण मोठ्या भांडारांत ठेवावयाचा आणि लागेल तेव्हां परत आणावयाचा. आज्ञावलीस मात्र सगळी जागा एकसलग आहे असाच भास व्हावा. आजच्या घरगुती संगणकांत 'रॅम' आणि 'हार्ड डिस्क' यांच्यामध्यें हीच देवघेव अखंड चालूं असते.

या देवघेवींतच जुन्या संगणकाच्या निम्म्याअधिक दुखण्याचें मूळ आहे, म्हणून तें नीट समजून घेतलें पाहिजे. एक शिक्षक वह्या तपासावयास बसला आहे अशी कल्पना करावी. त्याच्या मेजावर दहा वह्या राहतात; बाकीच्या व्हरांड्याच्या टोंकाशीं कपाटांत आहेत. एका वर्गाच्या वह्या असतील तर तो दहा आणतो, तपासतो, ठेवून येतो. काम सुखानें चालतें. आतां त्यास सांगितलें कीं, चार वर्गांच्या वह्या एकदमच तपासा, आणि प्रत्येक वर्गाची एकेक ओळ पाळीपाळीनें. बिचारा पहिल्या वर्गाची वही उघडतो न उघडतो तोंच दुसर्‍या वर्गाची पाळी येते. मेजावर जागा नसते. पहिली परत ठेवून दुसरी आणावयास तो धांवतो. ती येते तों तिसर्‍याची पाळी. दिवसभर त्याचे पाय चालतात, हात चालत नाहींत. संगणकाच्या या अवस्थेस 'थ्रॅशिंग' म्हणतात, आणि पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं तिची मीमांसा केली. त्याचा निष्कर्ष सरळ होता : प्रत्येक कामास तूर्त ज्या वह्या लागतात तेवढ्या मेजावर मावत असतील तरच तें काम हातीं घ्यावें, मावत नसतील तर एखादें काम बाजूस ठेवावें. येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. गर्दी हळूहळू वाढते तशी गति हळूहळू कमी होत नाहीं. एका मर्यादेपर्यंत सारें ठीक चालतें आणि ती ओलांडतांच यंत्र एकदम कोसळल्यासारखें होतें. फिरत्या तबकडीवरून मजकूर आणावयास स्मृतींतून आणण्याच्या सुमारें लाखपट वेळ लागतो, हें त्याचें कारण. म्हणूनच 'काल तर उत्तम चालत होता' ही तक्रार खोटी नसते.

अडण्याचा तिसरा प्रकार याहून विचित्र आहे. एका कचेरींत दोन कारकून आहेत. एकाच्या हातांत रबरी शिक्का आहे, दुसर्‍याजवळ शाईची पेटी. दोघांनाहि दोन्ही वस्तु पाहिजेत, आणि दुसरी मिळाल्यावांचून हातांतली सोडावयाची नाहीं अशी दोघांचीहि रीत आहे. दोघे शिस्तीचे, दोघे निर्दोष, आणि दोघेहि पेन्शनीपर्यंत एकमेकांकडे पाहत बसणार! डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनीं १९६५ च्या सुमारास या स्थितीचें विवेचन केलें व तिला 'प्राणघातक मिठी' अशा अर्थाचें नांव दिलें. आपल्याकडे कोणास धृतराष्ट्राच्या आलिंगनाची आठवण होईल. पण तेथें चिरडणारा एकच होता, व येथें तर वैरहि नाहीं. या प्रकारांत मात्र थांबून कांहीं उपयोग नसतो. दोघांपैकीं एकास उठवावेंच लागतें.

तेव्हां 'हँग झाला' या एका शब्दाखालीं तीन निरनिराळीं दुखणीं लपलेलीं आहेत : निष्फळ फेरा, जागेची धांवपळ, आणि ही मिठी. बाहेरून तिन्हींचें लक्षण एकच. एकांत थांबणें हाच उपाय, दुसर्‍या दोहोंत थांबणें म्हणजे वेळ घालविणें.

निर्णय चुकला तर काय होतें याची कल्पना यावयास १९६९ सालची २० जुलै ही तारीख आठवावी. आर्मस्ट्राँग व आल्ड्रिन यांचें यान चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरत असतां त्यांच्या संगणकानें '१२०२' हा धोक्याचा अंक दाखविला. त्या संगणकाची बदलती स्मृति २,०४८ शब्दांची होती. म्हणजे शब्दांच्या संख्येंत मुंबईच्या टिफ्रॅकइतकीच, आणि शब्द तर टिफ्रॅकच्या निम्म्याहूनहि आंखूड. एका रडारकडून येणार्‍या निरर्थक इशार्‍यांनीं त्याचा वेळ खाल्ला जात होता, आणि उतरण्याच्या कामास पुरेसा उरत नव्हता. घरच्या संगणकाचें होतें तेंच तेथें होत होतें. परंतु हॅल लॅनिंग यांनीं त्या यंत्राची कार्यव्यवस्था अशी रचली होती कीं प्रत्येक कामास महत्त्वाचा क्रम दिलेला असे. आणि मार्गारेट हॅमिल्टन यांच्या देखरेखीखालीं लिहिल्या गेलेल्या आज्ञावलींत अडचणीच्या प्रसंगीं सर्व कामें क्षणभर सोडून केवळ अत्यावश्यक तेवढींच जेथल्या तेथून पुन्हां उचलण्याची सोय होती. यंत्रानें तसेंच केलें. पृथ्वीवर ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षांत बसलेल्या तरुण अभियंत्यांना कांहीं सेकंदांत ठरवावयाचें होतें कीं, उतरूं द्यावें कीं परत फिरवावें. पूर्वींच्या एका सरावांत असाच अंक दिसला असतां उतरणें विनाकारण रद्द केलें गेलें होतें, आणि त्यानंतर त्यांनीं या अंकांचा अर्थ नीट टिपून ठेवला होता. त्यांनीं 'चालूं द्या' असें सांगितलें. इशारा पुन्हां पुन्हां आला, यान उतरलें. येथेंहि ध्यानांत घेण्यासारखें हें कीं, यंत्रानें आपला भार हलका केला खरा, पण थांबावें कीं नाहीं हा निवाडा शेवटीं माणसांनींच केला.

घरगुती संगणक आले ते हें सारें ज्ञान बरोबर घेऊन आले नाहींत. १९८१ सालच्या आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकावर एका वेळीं एकच काम चाले, म्हणजे आपण पुन्हां टिफ्रॅकच्या काळीं जाऊन पोंचलों. तो बनविणार्‍या मंडळींतले डेव्हिड ब्रॅडली यांनीं अडलेलें यंत्र वीज न तोडतां पुन्हां सुरू करण्यासाठीं 'कंट्रोल', 'ऑल्ट' व 'डिलीट' या तीन कळा एकदम दाबण्याची युक्ति योजिली. हेतु मूळचा अभियंत्यांच्या सोयीचा; दर वेळीं यंत्र बंद करून चालूं करण्यांत जाणारा वेळ वांचावा एवढाच. एका हाताच्या धक्क्यानें चुकून तीं दाबलीं जाऊं नयेत म्हणून कळा दूरदूरच्या निवडल्या होत्या. पुढें ही अभियंत्यांची खुण्णस जगभर घरोघरची मात्रा होऊन बसली.

१९९० सालच्या विंडोजच्या तिसर्‍या आवृत्तींत अनेक खिडक्या शेजारीं शेजारीं उघडूं लागल्या, पण त्यांतला कारभार सौजन्यावर चाले. प्रत्येक आज्ञावलीनें आपण होऊन दुसरीस वाट द्यावयाची; घंटा वाजविणारा रखवालदार नाहीं. एखादीनें वाट दिली नाहीं कीं सगळें यंत्र ताटकळे. कोर्बातोंनीं १९६१ सालीं दाखविलेली गोष्ट घरगुती यंत्रांवर विंडोजच्या द्वारां आली ती १९९३ सालच्या 'एन. टी.' या व १९९५ सालच्या नव्या आवृत्तीपासून. कारणें स्वस्ताईचीं व जुन्या आज्ञावल्या सांभाळण्याचीं होतीं हें खरें. तरी तीस वर्षांपूर्वींची शहाणीव विसरून तीच ठेंच पुन्हां खाण्याचा हा प्रकार मनुष्यस्वभावास शोभेसाच म्हटला पाहिजे. १९९६ सालच्या एन. टी. च्या चौथ्या आवृत्तींत 'टास्क मॅनेजर' आला, आणि कोणतें काम किती जागा व किती वेळ खात आहे तें सामान्य मनुष्यास प्रथमच पाहतां येऊं लागलें. महाराष्ट्रांत २००१ सालीं एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम निघाला, तालुक्यातालुक्यांतून त्याचे वर्ग उघडले, आणि हें ज्ञान खेड्यापर्यंत गेलें.

खिडकी पांढुरकी होते तिचा अर्थ आतां सांगतां येईल. एखाद्या आज्ञावलीनें पांच सेकंदांपर्यंत आपल्याकडे आलेल्या संदेशांची दखल घेतली नाहीं, तर विंडोज तिच्यावर 'प्रतिसाद नाहीं' अशी पाटी लावतें. पांच सेकंद ही केवळ अटकळ आहे. नव्या यंत्रावर पांच सेकंद म्हणजे बहुधा बिघाड. जुन्या यंत्रावर तेवढा वेळ एक पान उघडावयासहि लागतो. म्हणून तीच पाटी जुन्या संगणकावर पुष्कळदां खोटी असते, आणि तिच्यावर विश्वासून अनेकांनीं आपलें चालतें काम स्वतःच्या हातानें मारलें असेल. अँड्रॉइड फोनांतहि पांच सेकंदांचाच असा नेम आहे. तोहि शेवटीं मालकासच विचारतो : थांबावयाचें कीं बंद करावयाचें? १९३६ सालचा ट्यूरिंगचा निबंध त्या लहानशा चौकटींतून बोलत असतो.

'यंत्र म्हातारें झालें' हें म्हणणें मात्र तपासून पाहण्यासारखें आहे. धूळ बसते, पंखा अडतो, तबकडी झिजते, हें खरें. पण यंत्राची मोजण्याची गति वयोमानानें उतरत नाहीं. वाढतात त्या मागण्या. २००१ सालच्या विंडोज एक्स. पी. ला किमान ६४ मेगाबाइट स्मृति पुरे. २०२१ सालच्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. वीस वर्षांत मेज बरोबर चौसष्टपट मोठें मागितलें गेलें! २००८ सालीं आलेल्या गूगलच्या क्रोम या ब्राउझरनें प्रत्येक पान स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालविण्याची रीत प्रचारांत आणली, जेणेंकरून एक पान अडलें तरी बाकीचीं चालावींत. कल्पना उत्तम, पण प्रत्येक पानास निराळें बिर्‍हाड थाटून द्यावें लागतें, त्याला जागा लागते, आणि गरिबाच्या लहान मेजावर त्यानेंच थ्रॅशिंग ओढवतें. सधन यंत्राचें औषध निर्धन यंत्रास बाधतें, अशांतला हा प्रकार. आणि १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं विंडोज १० च्या सर्वसाधारण संरक्षणाची मुदतहि संपली, त्यामुळें अशा यंत्रांच्या मालकांपुढें आणखी एक पेंच उभा राहिला.

आतां त्या गणेशपुरीच्या घरीं परत जाऊं. यंत्र स्वतः सांगूं शकत नाहीं हें खरें, तरी त्याच्या अंगावर कांहीं लक्षणें दिसतात. मुलीनें प्रथम कळफलकावरची 'कॅप्स लॉक' ही कळ दाबली. तिचा दिवा लागला. पुन्हां दाबली, विझला. म्हणजे यंत्राच्या मुळाशीं अजून जाग आहे. अडली आहे ती एखादी आज्ञावली. मग तिनें पेटीवरचा तांबडा दिवा पाहिला. तो एकसारखा लुकलुकत होता, आणि पेटींतून तबकडीची बारीक कुरकुर ऐकूं येत होती. शिक्षक व्हरांड्यांत धांवत होता तर! दिवा विझलेला व पेटी मुकी असती तर गोष्ट निराळी होती. मग भावाचा सल्ला लवकर मानावा लागला असता. तशा वेळींहि वीज तोडणें हा शेवटचाच मार्ग, कारण तबकडीवर मजकूर उतरत असतां वीज गेली तर अर्धें लिहिलेलें पान तसेंच राहतें. नव्या व्यवस्थांत काय लिहावयाचें आहे त्याची नोंद आधीं टिपून ठेवण्याची रीत असते, त्यामुळें कपाट बहुधा शाबूत राहतें; मेजावरची वही मात्र गेलीच.

तिनें 'कंट्रोल', 'शिफ्ट' व 'एस्केप' या कळा दाबल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली. भाऊ चुळबुळत होता. पुन्हां पुन्हां टिचक्या द्याव्यात असें त्यास वाटे. पण प्रत्येक टिचकी हा रांगेंतला आणखी एक संदेश, व यंत्र जागें झालें कीं तें या सगळ्या टिचक्यांची भरपाई करीत बसतें, एवढें तिला ठाऊक होतें. तीन-चार मिनिटांनीं टास्क मॅनेजरची खिडकी हळूहळू पडद्यावर उमटली. स्मृति कांठोकांठ भरली होती. तबकडीच्या रकान्यांत शंभर टक्के. सर्वांत वर भावानें संध्याकाळीं लावून ठेवलेली गाण्यांची आज्ञावली होती. मागें झांकून गेली होती, पण जागा धरून बसली होती. अर्जाच्या ओळीसमोर 'प्रतिसाद नाहीं' हीच पाटी होती. मुलीनें त्या ओळीस हात लावला नाहीं. गाण्यांची ओळ निवडली आणि 'एंड टास्क' दाबलें.

दिवा आणखी थोडा वेळ लुकलुकला, मग त्याची घाई कमी झाली. खिडकीचा पांढुरका रंग गेला. अर्ज जेथें थांबला होता तेथेंच उभा होता, आणि घड्याळांत अकरा वाजून चाळीस मिनिटें झालीं होतीं. मुलीनें आधीं भरलेला मजकूर जतन केला, आणि मग उत्पन्नाचा दाखला शोधूं लागली.